चाक मोठे, जागा तेवढीच

मराठी पानावर टायरविषयी अग्रलेख कशासाठी, असे काही वाचक विचारतील. सण, भाषा, शाळा, मंडळाची सभा हे आमचे नेहमीचे विषय. परंतु आपल्या पुष्कळ घरांतली मुले आज दुबईस नोकरीला आहेत, आणि सुट्टीत घरी आली की त्यांच्या बोलण्यात तिकडच्या उंच, रुंद चाकांच्या पिकअप गाड्या असतातच. आपल्या बेटावरही डबल कॅबचे वेड काही कमी नाही. मोठे टायर बसवले की गाडी रुबाबदार दिसते हे आम्हांलाही दिसते. ती घासते तेव्हा काय होते, हे मात्र आम्हांला डिसेंबरच्या शाळेच्या सुट्टीत बर दुबईला गेल्यावर कळले.

आमचा भाचा तेथे मनखूल भागात राहतो. खाली चिंचोळे रस्ते, जवळच मीना बाजारातली कापडाची आणि शिंप्यांची दुकाने, खाडीवर अब्रा नावाच्या होड्या. खाडीकाठचे जुने मंदिर २०२४ च्या आरंभी जबल अलीच्या नव्या मंदिरात हलवले गेले, तरी त्या गल्लीतून जाताना हार-फुलांची आठवण येते. भाच्याने वापरलेली टोयोटा हायलक्स घेतली होती. तिला मोठे टायर आणि नवे रिम चढवायला त्याने जे पैसे मोडले, ते त्याच्या आईच्या घराच्या छतासाठी ठेवलेले होते. ही गोष्ट त्याने आईला सांगितली नव्हती. आम्हांला सांगितली, आणि आम्ही ती त्याच्या परवानगीने येथे लिहीत आहोत.

पहिल्याच संध्याकाळी त्याच्या इमारतीच्या तळघरात गाडी लावायला गेलो. उतार गोल फिरत खाली जातो, त्यामुळे स्टेअरिंग पूर्ण वळवावे लागते. वळवताच डाव्या चाकाकडून खर्र असा आवाज आला. भाचा म्हणाला, "मामा, ते काही नाही. नवे आहेत, बसतील हळूहळू." बसवणाऱ्यानेही त्याला हेच सांगितले होते. टायर काही पायातला नवा जोडा नव्हे की चालून चालून सैल होईल.

आम्ही शिक्षक माणूस. आकड्यांशिवाय आमचे समाधान होत नाही. टायरच्या कडेवर लिहिलेले वाचायला आपल्यापैकी किती जणांना येते? गाडीचे मूळ टायर होते २६५/६५ आर १७. म्हणजे रुंदी २६५ मिलिमीटर, कडेची उंची त्या रुंदीच्या शेकडा ६५, आणि रिम १७ इंचांचा. हिशेब केला तर कडेची उंची १७२ मिलिमीटर येते. ती वर-खाली दोनदा धरायची, त्यात रिमचे ४३२ मिळवायचे, की चाकाचा व्यास ७७६ मिलिमीटर. भाच्याने घातलेले टायर २८५/७० आर १७ होते. त्यांचा व्यास ८३१. चाक ५५ मिलिमीटरने उंच झाले, म्हणजे मध्यापासून सर्व बाजूंना २७ मिलिमीटर वाढले. रुंदी २० मिलिमीटर वाढली ती वेगळीच. ज्या कमानीत हे चाक फिरते ती कमान मात्र जेवढी होती तेवढीच राहिली.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. चाक शेकडा ७ ने मोठे झाले की एका फेऱ्यात गाडी तेवढी जास्त पुढे जाते. पण वेगाचा काटा चाकाचे फेरे मोजतो. त्याने १०० दाखवले तर पूर्वीच्या मानाने गाडी १०७ ने धावते. कारखानेच काटा थोडा पुढे ठेवतात, म्हणून सगळे सात अंगावर येत नाहीत. तरी ज्या शहरात जागोजागी वेग टिपणारे यंत्र उभे आहे, तेथे हा फरक हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

आता घासण्याचे कारण. गाडी सरळ उभी असताना चाकाभोवती बोटभर जागा दिसते आणि माणूस खूश होतो. पण पुढचे चाक वळते, आणि खड्ड्यात गेले की वरही उचलते. पूर्ण वळवले की टायरचा एक खांदा पुढच्या बंपरकडे जातो आणि दुसरा मागे, जेथे मडफ्लॅप असतो व त्याच्या आत बॉडीचा पत्रा सांगाड्याला जोडलेला असतो. म्हणजे जागा मोजायची ती चाक पूर्ण वळवून आणि दाबून. त्यात भाच्याने घेतलेले रिम असे होते की चाक मूळ जागेपेक्षा ३० मिलिमीटर बाहेर आले होते. बाहेर आलेले चाक वळताना मोठा फेर घेते, आणि मागच्या कोपऱ्याला आधी भिडते. बहुतेक मुलांची समजूत उलटी असते. चाक बाहेर काढले की मोकळे झाले, असे त्यांना वाटते. आतल्या बाजूला ते मोकळे होते हे खरे. पण घासत होते ते मागच्या कोपऱ्यात.

आवाज बंद होईना म्हणून तो पुन्हा गॅरेजमध्ये गेला होता. तेथे दोन उपाय झाले. पहिला, स्प्रिंगवर चकती ठेवून गाडी पुढून दोन इंच उचलली. उचलल्याने वरची जागा वाढते, पण वळताना मागे लागणारे चाक मागे लागतेच. दुसरा उपाय याहून वाईट. घासते म्हणून कमानीच्या आतला काळा प्लास्टिकचा पडदा मागच्या बाजूने कापून टाकला. आवाज बदलला, बारीक झाला, आणि भाच्याला वाटले की काम झाले.

त्याच इमारतीत चिपळूणकडचे एक काका राहतात. अल कूझमध्ये मोटारींचे काम करत त्यांचे आयुष्य गेले आहे. भाचा त्यांच्याशी बैठकेत शिकलेल्या मराठीत बोलतो, ते ऐकून त्यांना हसूही येते आणि बरेही वाटते. रविवारी सकाळी त्यांनी मीना बाजारातल्या शिंप्याकडून आणलेला खडू काढला, दोन्ही टायरांच्या खांद्यांवर जाड पट्टे ओढले, आणि भाच्याला तळघराच्या उतारावर हळूहळू पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवायला सांगितले. नंतर एक चाक लाकडी ठोकळ्यावर चढवून पुन्हा तेच केले. मग ते बॅटरी घेऊन खाली वाकले.

"खडू बघ कुठे गेलाय," ते म्हणाले. "प्लास्टिक होतं तोवर रबर प्लास्टिकला घासत होतं. ते कापलंस, आता पत्र्याच्या कडेला घासतंय."

कमानीच्या मागे दोन पत्रे जोडून उभी शिवण केलेली असते. तिची कड उघडी पडली होती आणि तिच्यावर खडूची पांढरी रेघ उमटली होती. टायरच्या खांद्यावर त्याच उंचीला चीर गेली होती. बोटाचे नख आत जाईल एवढी. दोन दिवसांनी आम्ही सगळे, भाच्याची बायको आणि चार वर्षांची मुलगी धरून, हत्ताच्या धरणाला जाणार होतो. सुमारे १३० किलोमीटरचा रस्ता, मोकळा आणि वेगाचा. आम्ही गेलो नाही. त्या रात्री भाच्याला झोप लागली नाही, असे सूनबाईने सांगितले.

उपाय काकांनीच सांगितला. मूळ रिम परत चढवले. टायर २६५/७० आर १७ घेतले, ज्यांचा व्यास ८०३ मिलिमीटर येतो. म्हणजे मध्यापासून वाढ १३ मिलिमीटर, रुंदी तीच. पत्र्याची कड हातोडीने आत दुमडून तिला गंज न लागणारा रंग दिला, प्लास्टिकचा पडदा नवा बसवला, चकत्या काढल्या आणि अलाइनमेंट करून घेतले. त्यानंतर पुन्हा खडू. या वेळी पट्टे जसेच्या तसे राहिले. स्पेअर टायर खाली त्याच्या जागी बसतो का, तेही काकांनी बघितले. हे पुष्कळ जण विसरतात, आणि पंक्चर झाल्यावर वाळवंटात चार चाकांना वेगळ्या मापाचे पाचवे चाक लावायची वेळ येते.

कायद्याचा भाग थोडक्यात सांगतो. अमिरातीत २०१७ च्या नियमांनी परवानगीवाचून इंजिनात किंवा सांगाड्यात फेरफार केल्यास १००० दिरहम दंड, १२ काळे गुण आणि ३० दिवस गाडी जप्त अशी शिक्षा ठरवली होती. २०२५ च्या मार्चपासून तेथे नवा वाहतूक कायदा लागू झाला आहे. भारतातही सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये कारखान्याच्या मूळ रचनेत बदल करण्याविरुद्ध निकाल दिला. म्हणून गाडी उचलण्याआधी परवानगी विचारावी, आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. न कळवलेल्या बदलाचे निमित्त करून अपघातानंतर कंपनी पैसे नाकारू शकते.

मुले म्हणतील, वाळूत मोठे टायर लागतातच. आम्ही हेही काकांना विचारले. त्यांचे म्हणणे असे की वाळूत पहिले औषध हवा कमी करणे. रस्त्यावर ३५ पौंड असलेली हवा वाळूत १५ च्या आसपास आणली की टायर पसरतो, जमिनीवरचा त्याचा ठसा लांब होतो आणि गाडी रुतत नाही. मूळ मापाचा टायरही मग पुष्कळ काम देतो. मात्र पसरलेला टायर कडेलाही फुगतो, म्हणून कमानीत जेमतेम बसलेले चाक वाळूत नक्की घासते. आणि डांबरी रस्त्यावर येताच हवा पुन्हा भरायची. कमी हवेवर वेगाने धावलेला टायर आतून तापतो, आणि तिकडच्या उन्हाळ्यात रस्ता आधीच तापलेला असतो.

आपल्याकडे वाळवंट नाही, पण शामारेलची चढण आहे. तेथील वळणांवर स्टेअरिंग जेवढे वळवावे लागते तेवढे दुबईच्या सरळ रस्त्यांवर महिनाभरात लागत नसेल. गणेशोत्सवात मूर्ती आणि मागे बसलेली मुले घेऊन पिकअप समुद्राकडे निघते, तेव्हा वजनाने मागचे पाटे दबतात आणि रिकाम्या गाडीत न घासणारे चाक घासू लागते. ज्यांनी मोठे टायर चढवले आहेत त्यांनी येत्या रविवारी खडूचा प्रयोग करून पाहावा. मागे चार माणसे बसवून करावा. घरात शाळेत जाणारे मूल असेल तर व्यासाचा हिशेब त्याला करायला द्यावा. आमच्या वर्गातल्या मुलांनी तो पंधरा मिनिटांत केला.

आईला भाच्याने अखेर सगळे सांगितले. तिने फोनवर बराच वेळ काही म्हटले नाही, मग मुलगी जेवली का एवढेच विचारले. छताचे काम पुढच्या वर्षावर गेले आहे. ते मोठे टायर, तीन चांगले आणि एक चिरलेला, अजून इमारतीच्या गच्चीवर पडून आहेत. तीन घ्यायला गिऱ्हाईक येते, पण चारही घेणार असाल तरच देईन असे भाचा म्हणतो, आणि चिरलेला कोणता ते आधीच दाखवतो, म्हणून कोणी घेत नाही.