किल्ले खूप झाले, आता स्वयंपाकघर बांधा

दिवाळी आली की माझा फोन किल्ल्यांच्या रील्सनी भरून जातो. विटा, लाल माती, पोत्याचे तुकडे, वर पेरलेले अळीव आणि माथ्यावर सिंहासनावर बसलेले महाराज. महाराज दरवाज्याच्या तिप्पट उंच, पायथ्याची गाय बुरुजाएवढी, तरी कुणाला काही खटकत नाही. शाळेत असताना मीही असे किल्ले केलेत आणि ते करू नका असं मी म्हणणार नाही. पण छोटी प्रतिकृती करायची इतकी जुनी, घरोघरची सवय असलेले आपण त्या सवयीनं घराच्या आत जवळजवळ कधीच डोकावत नाही, ही माझी तक्रार आहे.

२०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यात आमच्या नाशिक जिल्ह्यातला साल्हेर आहे. मलाही भारी वाटलं, स्टेटस ठेवलं. पण दर पावसाळ्याच्या तोंडावर जुन्या नाशकातल्या धोकादायक वाड्यांना नोटिसा लागतात, एखाद्या वाड्याची भिंत कोसळते, दोन दिवस बातमी चालते आणि मग पत्रे ठोकले जातात. किल्ल्यांचे नकाशे आहेत, पुस्तकं आहेत, ड्रोनचे व्हिडिओ आहेत. वाड्यातल्या भाडेकरूच्या खोलीचं माप कुणाकडे आहे?

आमच्याकडे नव्हतं. भद्रकालीतल्या एका वाड्यात आजी-आजोबांचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं. आता तिथे खाली पार्किंग असलेली इमारत उभी आहे. घरातले सगळे जुने फोटो मी स्कॅन केले. मुंज, बारसं, गणपती, सगळीकडे माणसंच माणसं. भिंत दिसते ती कुणाच्या तरी खांद्यामागे, चार बोटं. चुलीचा एकही फोटो नाही. म्हणून मी ते घर प्लास्टिक शीटमध्ये बांधायला घेतलं, १:२४ या मापात. म्हणजे एक फुटाला अर्धा इंच.

काम अवघड नाही. १ मिलिमीटर जाडीची पांढरी स्टायरीन शीट, स्टीलची पट्टी आणि कटर. शीट आरपार कापायची नसते. पट्टी धरून दोन-तीनदा रेघ ओढायची आणि वाकवायची, की ती कट्कन सरळ तुटते. चिकटवायला सॉल्व्हंट लागतो. तो दोन्ही कडा किंचित विरघळवतो आणि सुकल्यावर दोन तुकड्यांचा एक तुकडा होतो. खिडकी मात्र उघडी ठेवा, वास डोक्यात जातो. शीटवर हॅकसॉचं पातं घासलं की लाकडाच्या रेषा उमटतात, त्यातून कडीपाट होतो. दोन फूट जाडीची भिंत म्हणजे २५ मिलिमीटर. त्यासाठी दोन शीटच्या मध्ये आडव्या पट्ट्या घालून पोकळ पेटी करावी लागते. एका शीटची भिंत केली तर कोनाडा कोरायचा कशात?

आता आक्षेप. ऑफिसातले मित्र म्हणाले, तू सॉफ्टवेअरवाला ना, ब्लेंडरमध्ये दोन संध्याकाळींत होईल. खरंय, होईल. मी आधी तेच केलं. आजीनं दरवाजा पाच फुटी सांगितला होता, मी तसा काढला आणि साडेपाच फुटी माणूस त्यातून चालवला. त्याचं डोकं चौकटीतून आरपार गेलं आणि मला पत्ताही लागला नाही. प्लास्टिकमध्ये दरवाजा ६३.५ मिलिमीटरचा आणि तार नि एम-सीलचा बाहुला ७० मिलिमीटरचा. आत जाईचना. वाटलं, माझंच माप चुकलं. आजीला विचारलं तर ती हसली. "अरे, सगळे वाकूनच यायचे. तुझ्या आजोबांना तरी दोनदा खोक पडली होती." सॉफ्टवेअरनं न दिलेली एरर मला प्लास्टिकनं दिली.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. हे सगळं वाड्यांचं गोड गोड स्मरणरंजन नाही का? वाडा म्हटलं की झोपाळा, तुळशीवृंदावन आणि आजीच्या हातचं थालीपीठ. असल्या पोस्ट मलाही सहन होत नाहीत. पण त्या पोस्ट करणाऱ्यांनी एकदा मापात खोली बांधून बघावी. आमची बाहेरची खोली ८ बाय १० फुटांची. माझ्या मॉडेलमध्ये ती साधारण पोस्टकार्डाएवढी भरते. घरात माणसं सहा. रात्रीची मांडणी करायला मी बाहुल्या आडव्या केल्या. खाटेवर पणजी, खाली आजोबा आणि तीन मुलं, कडेला ट्रंक. सहावी बाहुली काही केल्या बसेना. आजीला फोन करून विचारलं, तू कुठे झोपायचीस?

"मी कुठे त्या खोलीत झोपायचे? मी चुलीपाशी."

स्वयंपाकघराला एक फूट बाय एक फूट खिडकी होती. ती मॉडेलमध्ये अर्ध्या इंचाची. आजी जवळजवळ तीस वर्षं त्या धुरात रांधून तिथेच झोपली आणि आमच्या घरात हा विषय कधी निघाला नव्हता. सहावी बाहुली मावली नाही म्हणून निघाला.

अमेरिकेत फ्रान्सिस ग्लेसनर ली या बाईंनी १९४० च्या दशकात १:१२ मापाच्या खोल्या बनवल्या. त्यात खुनाचे, अपघाताचे प्रसंग मांडले आणि त्यावर पोलिसांना तपास शिकवला जायचा. छोट्या खोलीपुढे बसलं की माणूस नीट बघायला लागतो, एवढा साधा त्यामागचा विचार. आपल्याकडे पुण्यात दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, भांडी अशा घरगुती वस्तू आयुष्यभर जमवून संग्रहालय उभं केलं. वस्तू तिथे आहेत. त्या तुमच्या घरात कुठल्या कोनाड्यात असायच्या, ते तुमची आजीच सांगेल.

उरला प्लास्टिकचा मुद्दा. थर्मोकोल आणि माझी शीट, दोन्ही पॉलिस्टायरीनच. २०१८ मध्ये राज्यानं थर्मोकोलवर बंदी आणली, बरं झालं. दहा दिवसांत फेकायच्या मखराला ते वापरणं मूर्खपणाच होता. हे घर फेकायचं नाही. शीटचे उरलेले तुकडेही मी बरणीत सॉल्व्हंटमध्ये विरघळवतो, फटी बुजवायला त्याची लांबी होते.

तेव्हा या दिवाळीत मुलांबरोबर किल्ला जरूर करा. पण त्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ टेप घेऊन बसा. फुटात सांगता आलं नाही तर हातानं दाखवायला सांगा. ओटा कमरेला लागायचा की गुडघ्याला? मोरीचा कट्टा किती वितींचा? रात्री कोण कुठे झोपायचं? आमच्या आजीला मोरीची जागा अजून नक्की आठवत नाही, दर वेळी ती वेगळ्या कोपऱ्यात दाखवते. तो कोपरा मी चिकटवायचा ठेवलाय.