गुप्त तिजोरीतील सिलिकॉन

संगणकयुगाचे सारे श्रेय खाजगी उद्योजकांच्या प्रतिभेला देण्याची प्रथाच पडून गेली आहे. मुक्त स्पर्धेचे हे स्तोत्र गाणारे १९५७ साल सोयीस्करपणे विसरतात. त्या वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने परकीयांचे सांकेतिक संदेश उलगडण्यासाठी अतिवेगवान मंडले निर्माण करण्याचा 'लाइटनिंग' प्रकल्प हाती घेतला. पाच वर्षांसाठी अडीच कोटी डॉलर मंजूर झाले आणि आयबीएम, आरसीए आदी कंपन्यांबरोबर विद्यापीठांनाही कामे मिळाली. धोका करदात्याने पत्करला. पुढचा नफा मात्र कंपन्यांचा.

संशोधनावर सरकारने खर्च करावा याला समाजवाद्यांचा विरोध नाही, उलट आग्रहच आहे. वाद आहे तो हिशेबाचा. ही संस्था १९५२ साली जन्मली तीच मुळी अध्यक्ष ट्रूमन यांच्या गुप्त आदेशाने. काँग्रेसच्या कायद्याने नव्हे. तिची यंत्रे कोणाकडे वळली, हे १९७५ साली सिनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीने उघड केले. सुमारे तीस वर्षे अमेरिकन नागरिकांच्या परदेशी तारा या संस्थेच्या आणि तिच्या पूर्वसुरींच्या हाती पडत होत्या, आणि त्या पुरविणाऱ्या तीन कंपन्यांत आरसीएचीही तारकंपनी होती! वेगवान मंडलांसाठी ज्यांना सरकारी पैसा मिळाला, त्यांच्याच घरातून नागरिकांचा पत्रव्यवहार बाहेर गेला. १९७८ साली कायदा झाला खरा. पण २०१३ साली एडवर्ड स्नोडेन यांनी कागदपत्रे बाहेर आणली तेव्हा कोट्यवधी दूरध्वनींच्या नोंदी गोळा होत असल्याचे दिसलेच.

आता चिंता आणखी वेगळी आहे. चिप बनविणारे कारखाने आशियात गेले. म्हणून गुप्तवार्ता संशोधनाच्या अमेरिकन संस्थेने २०११ साली एक युक्ती पुढे केली: ट्रान्झिस्टरचे थर परदेशी कारखान्यात घडवावेत, त्यांना जोडणाऱ्या तारांचे थर स्वदेशी, म्हणजे परक्या कारागिराला चिपचे प्रयोजनच कळू नये. युक्ती चतुर आहे, हे मान्य करावयास हवे. परंतु मायदेशातील करदात्यालाही ते प्रयोजन कळत नाही, त्याचे काय?

२०२२ च्या चिप कायद्याच्या निधीतून सप्टेंबर २०२४ मध्ये इंटेलला, सरकारी वापराच्या सुरक्षित चिपसाठी, तीन अब्ज डॉलरपर्यंतचे अनुदान जाहीर झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारने कंपनीचे सुमारे दहा टक्के भागही घेतले. समाजवाद्यांनी हुरळून जावे असे त्यात काही नाही. संचालक मंडळावर सरकारचा एकही प्रतिनिधी नाही. मालकी जनतेच्या नावे, निर्णय इतरत्र.

भारतात 'रॉ' ही संस्था १९६८ सालापासून संसदेच्या कायद्याविना चालली आहे. २०२१ पासून चिप उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांची योजनाही आली. त्या उद्योगातील संशोधन गुप्तवार्ता खात्यांच्या गरजांकडे वळण्यापूर्वीच, त्या खर्चाची बंद दाराआड का होईना तपासणी करणारी संसदीय समिती कायद्याने नेमली गेली पाहिजे. पैसा खर्च झाल्यावर नेमलेल्या समितीला काय सापडते, ते चर्च यांच्या अहवालात वाचावयास मिळते.