मेलेलं स्मारक

आधी घडलं ते सांगतो.

बुद्धपौर्णिमेला रात्रपाळी संपवून गोदीतून सुटलो आणि तसाच आयेला घेऊन एका लेणीवर गेलो. कुठली ते सोडा. आयेचे गुडघे गेलेत, तरी सगळ्या पायऱ्या चढली. स्तूपापुढं बसली, पदराच्या गाठीतून मेणबत्ती काढली. काडी ओढायच्या आत राखणदार धावला. "ए बाई, हितं पूजाबिजा नाय चालणार. स्मारक हाय हे."

"पूजा कुटं करतीया बाबा? उजेड करतीया," आये म्हणाली.

पोरगा पोटासाठी उभा. त्याच्याशी काय भांडायचं? मेणबत्ती गुमान खिशात घातली. माझं भांडण त्याच्या मागं उभ्या असलेल्या धोरणाशी आहे.

पुरातत्त्व खात्याच्या भाषेत स्मारकं दोन जातींची. हो, जातींचीच! जिवंत आणि मेलेली. सरकारनं ताब्यात घेतलं त्या दिवशी पूजा चालू होती ते जिवंत, तिथं पुढंही चालणार. बंद होती ते मेलेलं, तिथं पुढंही बंद. वरून बघाल तर किती सरळ हिशेब!

आता जुन्नरच्या लेण्याद्रीला चला. बौद्ध लेण्यांचा डोंगर. सात नंबरचं लेणं म्हणजे भिक्खूंचा विहार, भिंतींना त्यांच्या कोठड्या. त्यात आज गिरिजात्मज बसलाय, अष्टविनायकातला. आरती चालते. चालू दे. भाविकांशी माझं वैर नाही, माझ्याबरोबर गोणी उचलणारे सोबतीही त्यांत आहेत. पण मागून आलेल्याची पूजा जिवंत आणि ज्यांच्यासाठी डोंगर कोरला त्यांची मेलेली, हे ठरलं कसं? तर नोंद होताना आम्ही हजर नव्हतो म्हणून. च्यायला, हजर कुठून असणार? इंग्रजानं १९०४ साली कायदा करून जुनी स्मारकं संरक्षणात घेतली, तेव्हा माझा पणजा गावकुसाबाहेर मेलेली ढोरं ओढत होता. आम्ही बुद्धाकडं परतलो १४ ऑक्टोबर १९५६ ला. आणि १९५८ च्या नव्या कायद्यानं जुन्या नोंदी तशाच पुढं ओढल्या. म्हणजे आम्हाला हाकलल्यावर हजेरी घेतली, आणि ती हजेरी कायमची!

दगड वाचवला, कबूल. काजळीनं कातळ खराब होतो, तेही कबूल. मेणबत्ती नको तर नको. पण हात जोडून त्रिशरण म्हटल्यानं कुठला खांब झिजतो?

मेलेलं म्हणता, तर बोरिवलीच्या जंगलातल्या कान्हेरीचे ब्राह्मी लेख बघा. कल्याणचा एक सोनार पाण्याचं टाकं दान देतो. कल्याणचाच एक लोहार वाट करून देतो. लोहार, साहेब! आमच्यासारखा हातावर घट्टे असलेला माणूस. सोनारानं पाणी दान केलं त्याच मुलखात १९२७ साली महाडला तळ्याच्या पाण्यासाठी आमची डोकी फुटली. या दोघांची नावं फाटकाच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहा, राजांच्या वर. आणि ती नोंदवही उघडा. जिवंत कोण, मेलेलं कोण, ते आम्हाला समोर बसवून ठरवा. नेहमीसारखं आमच्या पाठीमागं नको.

पुढच्या पौर्णिमेला आम्ही पुन्हा जाणार. आग नाही, अगरबत्ती नाही, नुसतं बसून वंदना म्हणणार. यायचं त्यानं सकाळी रात्रपाळी सुटताना गोदीच्या फाटकावर यावं. आये म्हणते, ह्या खेपेला गुडघ्याला तेल चोळून येते.