अमेरिकेचे युद्ध, श्रीगोंद्याचे कर्जरोखे आणि एक सोयीची गोष्ट

दख्खनच्या दंग्यांची एक गोष्ट दरवर्षी मे महिन्यात समाजमाध्यमांवर फिरते. अमेरिकेत यादवी युद्ध झाले, कापूस महागला, दख्खनचा शेतकरी कर्ज काढून कापसाच्या मागे लागला. युद्ध संपले, भाव कोसळले आणि १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात सावकारांच्या वह्या पेटल्या. गोष्ट आटोपशीर आहे, नकाशावर बाण काढून दाखवता येते. तिचा दोष एवढाच की ती नगर जिल्ह्याला लागू पडत नाही. आणि दंगा झालेली निम्म्याहून अधिक गावे नगर जिल्ह्यातलीच होती.

तिच्यात खरे काय आहे ते आधी मान्य केले पाहिजे. युद्धापूर्वी ब्रिटनच्या गिरण्यांना लागणाऱ्या कच्च्या कापसापैकी सुमारे तीन चतुर्थांश अमेरिकेतून येई. १८६१ साली दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, तो पुरवठा आटला आणि लँकेशायरने मुंबईकडे तोंड वळवले. मुंबईत पैशाचा पूर आला. प्रेमचंद रायचंदांच्या नावावर शेअरबाजार नाचू लागला, बॅकबे भरावाच्या कंपनीचे कागद सोन्याच्या भावाने विकले गेले. एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली शरण आला आणि त्याच वर्षाच्या जुलैपर्यंत ती सारी इमारत कोसळली. येथवर वाद नाही.

वाद पुढे आहे. कापसाचे मोठे पीक खानदेश, वऱ्हाड, गुजरात आणि धारवाडचे. पारनेर आणि श्रीगोंद्याच्या हलक्या, बेभरवशाच्या पावसाच्या जमिनीत मुख्य पीक बाजरी-ज्वारीचे. नगर शहराला रेल्वे आली ती १८७८ साली, दौंड-मनमाड मार्गाने. म्हणजे दंग्यानंतर तीन वर्षांनी. कापसाचे भाव पडणे हेच दंग्याचे कारण असते, तर पहिली ठिणगी खानदेशात पडायला हवी होती. तेथे काही घडले नाही.

गॅझेटियरची नोंद पाहावी. नगर जिल्ह्यात दंगे झाले ती गावे २२: श्रीगोंद्यात ११, पारनेरमध्ये ६, नगर तालुक्यात ४, कर्जतमध्ये १. ही सारी गावे जिल्ह्याच्या दक्षिण आणि पश्चिम भागातली, घोड-भीमेच्या पलीकडच्या पुणे जिल्ह्याशी सोयरीक आणि बाजार असलेली. घोड नदीपलीकडे शिरूर तालुक्यातील कर्डे गावी डिसेंबर १८७४ मध्येच कुरबुर सुरू झाली होती. कालूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुखाविरुद्ध हुकूमनामा मिळवून त्याचे घर पाडले, तेव्हा गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. दुकानात कोणी जाईना, बलुतेदार काम करीनात. मे महिन्यात जे पेटले, त्याची तयारी अशी थंड डोक्याने झाली होती.

दुसरे आवडते स्पष्टीकरण सारावाढीचे. इंदापुरात १८६७ साली फेरआकारणी झाली, तेजीच्या दिवसांतले भाव जणू कायमचे आहेत असे धरून साऱ्यात मोठी वाढ केली गेली, आणि भाव उतरल्यावर ती रयतेच्या मानेवर बसली. पुणे जिल्ह्यापुरते हे बरोबर आहे. परंतु नगरच्या तालुक्यांत पहिली आकारणी १८५०च्या आसपासची. तिची तीस वर्षांची मुदत १८७५ साली संपलेली नव्हती. म्हणजे वाढीव सारा ज्यांच्या दारात पोचलाही नव्हता, तेच श्रीगोंद्याचे कुणबी सावकाराच्या ओसरीवर जमले होते.

मग सुपे आणि श्रीगोंदे यांना जोडणारा धागा कोणता? जमावाने काय मागितले ते पाहावे. त्याने धान्य मागितले नाही, तिजोरी मागितली नाही. त्याने रोखे मागितले. जो सावकार कर्जखते आणि हुकूमनामे काढून देई, त्याला बहुधा हातही लावला जात नसे. जो नाकारी, त्याच्यावर बळजबरी होई. माणसे मारण्यासाठी निघालेला जमाव असा हिशेबी नसतो.

कागदाला हे महत्त्व आले होते कायद्यामुळे. पेशवाईत सावकार होताच, पण त्याची वसुली गावाच्या आणि पंचांच्या डोळ्यांदेखत होई, आणि दामदुपटीच्या रिवाजाने व्याज मुद्दलाहून अधिक होऊ शकत नसे. इंग्रजी दिवाणी न्यायालयाने एकच प्रश्न विचारला: सही आहे का? १८५९च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जाची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू ऋणकोच्या रक्षणाचा होता. परिणाम असा झाला की मुदत संपण्यापूर्वी सावकार नवा रोखा लिहून घेई, थकलेले व्याज त्यात मुद्दल होई, आणि वाचता न येणारा माणूस खाली नांगराची निशाणी करी. शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज लावल्याचे प्रकरण दंग्यांची चौकशी करणाऱ्या आयोगासमोर आले होते. सारा मात्र रोख हवा, ठरल्या हप्त्याला हवा, पाऊस पडो वा न पडो. तेजीच्या काळात उधार सैल होती, म्हणून हा फास जाणवला नाही. ती आटल्यावर जाणवला. अमेरिकेच्या युद्धाचा नगरशी संबंध आहे तो एवढाच. फास त्या युद्धाने विणलेला नाही.

त्याच दशकातली अमेरिका आरसा म्हणून अधिक उपयोगी आहे. १८६५ साली तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली. जमीन मात्र मुक्त झालेल्या माणसाला मिळाली नाही. जॉर्जिया, मिसिसिपीत तो वाट्याने शेत करू लागला; बियाणे, मीठ, कापड दुकानदाराकडून उधार, चढ्या भावाने, उभ्या पिकाच्या तारणावर. दुकानदाराची अट एकच: कापूसच लाव. हंगामाअखेर वहीत बाकी निघे आणि पुढचे वर्ष त्याच वहीत सुरू होई. सप्टेंबर १८७३ मध्ये जे कुक यांची पेढी बुडाली, देशभर मंदी पसरली, कापूस आणखी उतरला. गोरा गरीब शेतकरीही त्याच वहीत जाऊन बसला. तेथे ना मारवाडी होता, ना गुजर, ना कुणबी. तरीही वही तीच होती.

म्हणूनच दख्खनच्या दंग्यांना आज ‘परप्रांतीय सावकार विरुद्ध भूमिपुत्र’ असा रंग देणाऱ्या चित्रफिती खोट्या ठरतात. रोष मारवाडी आणि गुजर सावकारांवर निघाला, देशी सावकार बव्हंशी सुटले, ही नोंद खरी आहे. परंतु जात बदलल्याने व्यवहार बदलतो असे मानले, तर मिसिसिपीचे काय करायचे? इतिहासकार नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ साली या दंग्यांभोवती मिथक उभे राहिल्याचे म्हटले. व्याप्तीपुरता त्यांचा आक्षेप रास्त आहे. दंगे थोड्या गावांत, थोडे दिवस झाले. पण लहान दंग्याचा नेम चुकीचा असतो असे नाही.

सरकारने सावकाराचे नाव आनंदाने उचलून धरले. आयोगाने पुरावे गोळा केले, महसूल पद्धतीच्या ताठरपणाची नोंदही केली, आणि सरकारी मागणी हे दंग्याचे कारण नव्हे असा निर्वाळा दिला. पाठोपाठ १८७६-७७चा दुष्काळ आला. १८७९ साली दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा झाला: पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांत न्यायालयाला रोख्यामागे जाऊन व्यवहाराचा मूळ हिशेब तपासता येऊ लागला, कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे थांबले. कायदा चांगला होता. मात्र त्याच्या तीन वर्षे आधी, दंग्याची राख पुरती निवली नव्हती तेव्हाच, मुंबई इलाख्यासाठी आणखी एक कायदा झाला होता. १८७६च्या त्या महसूल अधिकारक्षेत्र कायद्याने सरकारी आकारणीविरुद्धचे दावे ऐकण्याचा अधिकार दिवाणी न्यायालयांकडून काढून घेतला.