जकातीचा मानकरी कोण?

जकात म्हटले की आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांपुढे शहराच्या वेशीवरील नाका आणि तेथे खोळंबलेल्या मालगाड्या उभ्या राहतात. ती जकात आता इतिहासजमा झाली. मुंबईत ती २०१७ साली जीएसटी येताच बंद पडली. शब्द मात्र मूळचा अरबी, आणि आपल्या मुसलमान शेजाऱ्याच्या घरी त्याचा अर्थ अगदी निराळा आहे. त्याच्या धर्माच्या पाच आधारस्तंभांपैकी जकात हा एक होय. ज्याच्यापाशी ठराविक मर्यादेइतकी संपत्ती चांद्र वर्षभर राहिली, त्याने तिचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे शेकडा अडीच, काढून दिलाच पाहिजे.

पण तो मनास येईल त्याला देऊन चालत नाही. कुराणाच्या नवव्या अध्यायातील साठाव्या वचनात त्याचे आठ मानकरी सांगितले आहेत. निर्धन व दीन हे पहिले दोन. मग जकात गोळा करणारे कामदार, ज्यांची मने जुळवून घ्यावयाची ते, बंधनातून सुटू पाहणारे गुलाम, कर्जाखाली दबलेले, ईश्वराच्या मार्गात असलेले आणि वाटसरू. वाटसरू घरचा सधन असला तरी हरकत नाही. परमुलखात त्याच्या हाती पैसा नसला म्हणजे झाले. ‘ईश्वराचा मार्ग’ म्हणजे नेमके काय, यावर मात्र पंडितांचा वाद अजून मिटलेला नाही.

दीन कोणास म्हणावे? महंमद पैगंबरांची या बाबतीतली शिकवण मोठी मार्मिक आहे. दारोदार फिरून घासभर मागणारा तो खरा दीन नव्हे. ज्याचे भागत नाही, पण ज्याची अडचण कोणाच्या ध्यानात येत नाही आणि जो हातही पसरत नाही, तो दीन. म्हणूनच देताना ‘ही जकात आहे’ असे सांगण्याची सक्ती नाही. देणाऱ्याच्या मनात तो हेतू असला की पुरे.

हिशेबाची बाजू मात्र काटेकोर आहे. आपल्या देशात साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी ही मर्यादा धरतात. देशावरील बहुतेक मुसलमान हनफी पंथाचे. त्यांच्या मते गरजेपलीकडे इतकी मालमत्ता ज्याच्यापाशी आहे, त्याला निर्धन म्हणून जकात घेता येत नाही. आता सोन्याच्या मानाने चांदी फारच स्वस्त. तेव्हा एखाद्या विधवेने मुलीच्या लग्नासाठी दोन-चार तोळे दागिने जपून ठेवले असतील आणि हाती थोडी रोकड असेल, तर दोहोंची किंमत मिळून चांदीची मर्यादा सहज ओलांडते. चूल जेमतेम पेटत असतानाही ती मग घेणारी न राहता देणारी ठरते! कोकण किनाऱ्यावरील शाफई मुसलमान अंगावर वापरावयाच्या दागिन्यांवर जकात धरीत नाहीत. ही सवलत आम्हांस अधिक माणुसकीची वाटते.

आईबाप, आजीआजोबा, मुले व नातवंडे यांना जकात देता येत नाही, कारण त्यांचे पोषण हे मुळातच आपले कर्तव्य. गरजू भाऊ, बहीण, मावशी, काका यांना मात्र अवश्य द्यावी. त्यात दानाचे पुण्य आहे आणि नाते राखल्याचेही. हनफी मतानुसार पैसा गरिबाच्या मालकीचा झाला पाहिजे. त्यामुळे मशिदीच्या बांधकामास तो चालत नाही.

आणि अन्य धर्मीय गरिबाचे काय? बहुतेक शास्त्र्यांच्या मते जकात मुसलमानांतच वाटावी; सदका, म्हणजे ऐच्छिक दान, कोणासही द्यावे. तरीही आठव्या शतकातील न्यायपंडित अबू युसूफ यांनी आपल्या करविषयक ग्रंथात एक हकीकत नोंदली आहे. दुसरे खलिफा उमर (६३४ ते ६४४) यांना एका दारी भीक मागणारा आंधळा म्हातारा ज्यू भेटला. डोईपट्टी, गरज आणि वय यांनी ही पाळी आणली, असे त्याने सांगितले. उमर यांनी त्याचा हात धरून त्याला घरी नेले, घरातले काही दिले आणि खजिनदारास बोलावून बजावले की, याच्या तरुणपणी आपण कर खाल्ला आणि म्हातारपणी याला टाकून दिले, तर तो न्याय नव्हे. मग त्यांनी तेच साठावे वचन म्हटले व त्यातील ‘दीन’ या शब्दात ग्रंथधारक लोकांचे, म्हणजे ज्यू व ख्रिस्ती यांचेही गरीब येतात असा अर्थ लावला. त्या म्हाताऱ्याची आणि त्याच्यासारख्या इतरांची डोईपट्टी माफ झाली.