गृहजयणा : काचेच्या टाकीतील शेवाळ

कामोठ्याच्या एका वाचक भगिनींनी पत्राने विचारले आहे : दुकानातील पाणवनस्पतींची मत्स्यटाकी चातुर्मासाच्या तोंडावर गढूळ झाली आहे, काचेवर हिरवा थर धरला आहे. विक्रेता औषध टाकण्यास सांगतो, पण मन धजत नाही. काय करावे?

मन धजत नाही हे उचितच आहे. शांतिसूरींच्या ‘जीवविचार’ प्रकरणात शेवाळाची गणना साधारण वनस्पतिकायात, म्हणजे अनंतकायात, केलेली आहे. पाठशाळेतील मुलेही हे जाणतात. शिवाय ताम्रयुक्त शेवाळनाशके गोगलगायींनाही घातक ठरतात. मेलेले शेवाळ कुजताना पाण्यातील प्राणवायू ओढून घेते आणि मासे पृष्ठभागी येऊन धापा टाकू लागतात. एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत साऱ्यांना पीडा, आणि मूळ कारण तसेच राहिल्याने शेवाळ पुन्हा हजर!

येथे आपली जुनी रीत उपयोगी पडते. पावसाळ्यापूर्वी अंगणात व गच्चीवर आपण चुना लावतो, तो लीलफूग मारण्यासाठी नव्हे. ती उपजूच नये म्हणून. टाकीतही तेच करावयाचे. टाकी खिडकीच्या उन्हातून हलवावी. दिवा दिवसाला ६ ते ८ तासच लावावा. दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत तो जळत राहतो, हेच बहुधा शेवाळाचे मूळ असते. मासे दोन मिनिटांत संपवतील एवढेच अन्न घालावे. (येणारे-जाणारे गिऱ्हाईक कौतुकाने चिमूट टाकते, तेही थांबवावे.) वॅलिसनेरियासारख्या झपाट्याने वाढणाऱ्या वनस्पती पाण्यातील पोषक द्रव्ये स्वतःच घेतात, मग शेवाळाला फारसे काही उरत नाही.

गढूळपणाचा रंग मात्र नीट पाहावा. हिरवे पाणी म्हणजे तरंगते शेवाळ. तेथे प्रकाश कमी करणे हाच उपाय. नव्या टाकीतील दुधी पाणी म्हणजे जीवाणूंची वाढ. माशांच्या मलातून निघणाऱ्या अमोनियाचे प्रथम नायट्राइट व मग नायट्रेट करणारे जीवाणू स्थिरावण्यास साधारणपणे ४ ते ६ आठवडे लागतात. या काळात घाबरून सारे पाणी ओतून देणे म्हणजे मांडलेला संसार मोडून पुन्हा मांडणे होय. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे. अमोनिया वाढल्याचे चाचणीत दिसल्यास मात्र अधिक वेळा. नव्या पाण्यातील क्लोरीन आधी घालवावे. गाळणीचा स्पंज नळाखाली धुऊ नये, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. जिवाणी जपणाऱ्या घराला याचे कारण सांगावे लागू नये.

आता थोडे अप्रिय. श्रावकाच्या पहिल्या अणुव्रताच्या अतिचारांत ‘बंध’ पहिला आहे. शोभेसाठी वा वास्तूसाठी नवी टाकी घेऊ नये, असेच माझे मत आहे. माशांच्या बहुतेक तयार खाद्यात मासळीची भुकटी असते, हेही डब्यावर वाचून पाहावे. पण जी टाकी आहे तिच्यातील जीवांची जबाबदारी टळत नाही. अन्नपाननिरोध हाही अतिचारच.

पर्युषणात ‘अभयदान’ म्हणून हे मासे पनवेलच्या वडाळे तलावात सोडण्याचा विचार कोणी करील, तर तोही सोडावा. परके मासे तेथे तडफडून मरतात किंवा तिथल्या जीवांवर उठतात. दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठी आणलेल्या जलपर्णीने आपल्या नद्यांचे काय केले, हे आपण पाहतोच आहोत. टाकी मोडायचीच असेल, तर मासे व वनस्पती दोन्ही एखाद्या जाणत्या पालकाच्या चालत्या टाकीत द्यावीत.