मालकाला नाही म्हणताना

धंदा करणाऱ्या बायकांचा विषय निघाला की दोन प्रश्न हमखास येतात. या इकडे येतातच कशाला? आणि यांना रोगाची भीती नाही का?

सांगलीच्या गोकुळनगरात एका खोलीत बसले होते. भिंतीवर यल्लम्माचा फोटो, कॉटच्या उशाशी पत्र्याच्या डब्यात निरोध. बाई चाळिशीच्या. आधी लोकांची धुणीभांडी केली, मग बांधकामावर पाट्या उचलल्या. "मुकादम मजुरी बुडवायचा आणि वर अंगचटीला यायचा," त्या म्हणाल्या. "म्हटलं, मग फुकट कशाला?"

रोहिणी सहानी आणि व्ही. कल्याण शंकर यांनी 14 राज्यांतल्या 3,000 बायकांची पाहणी केली होती. 2011 साली आलेल्या त्या अहवालातही अनेकजणी घरकाम, मोलमजुरी करूनच इथवर आलेल्या दिसतात. त्या मजुरीत घर चालत नव्हतं. फसवून, विकून आणलेल्या मुलीही आहेत आणि त्यांची सुटका झालीच पाहिजे. पण म्हणून सगळ्याच फसलेल्या असं धरून चाललो, तर तो बुडवणारा मुकादम नामानिराळा राहतो.

आणि रोगाचं म्हणाल, तर या वस्तीला काही शिकवायला जाऊ नये. 'संग्राम' संस्थेने 1992 मध्ये सांगलीत एड्सविरोधी काम सुरू केलं, तेव्हापासून इथल्या बायकाच खोल्याखोल्यांत निरोध पोचवत आल्या. पुढे त्यांनी 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी केली. "दुप्पट पैसे देतो म्हटलं तरी बिननिरोधाचं गिऱ्हाईक घेत नाय," बाईंनी ठणकावून सांगितलं.

मग मी मालकाबद्दल विचारलं. इथे मालक म्हणजे खोलीचा मालक नव्हे. ज्याच्या नावाने बाई कुंकू लावते, तो. त्या बराच वेळ पदराचं टोक पिळत राहिल्या. "त्याला कसं सांगू, ताई? तो म्हणंल, मी काय गिऱ्हाईक हाय का?"

धोका त्यांना पुरता ठाऊक आहे. गिऱ्हाइकाला दाराबाहेर काढण्याची हिंमत संघटनेने दिली. मालकापुढे मात्र त्या घरोघरच्या लग्नाच्या बायकांइतक्याच एकट्या पडतात. त्यांना अडाणी म्हणण्याआधी आपल्या घरात 'निरोध' हा शब्द कधी उच्चारता आला का, ते आठवून पाहावं.

पोलिसांची तऱ्हा आणखी वेगळी. सज्ञान बाईने स्वखुशीने हा धंदा करणं आपल्या कायद्यात गुन्हा नाही. कुंटणखाना चालवणं गुन्हा आहे. तरी धाडीत सापडलेले निरोध पुरावा म्हणून जप्त होत आले. जवळ बाळगलं तर ठाण्यात, न बाळगलं तर दवाखान्यात, अशी कोंडी. सर्वोच्च न्यायालयाने 19 मे 2022 रोजी बजावलं, की निरोध वापरणं हा गुन्हा नाही आणि तो गुन्ह्याचा पुरावाही धरता येणार नाही.

तुमच्या गावच्या पोलीस ठाण्यात हा आदेश पोचला आहे का, एवढं एकदा जाऊन विचारा.